फरशीखालची खडी

रेइनो कोस्केलाने आयुष्यात कुणाचं कौतुक केलं असेल तर ते तीनच शब्दांत. गाडी जाऊ दे. एकोणचाळीस वर्षं तो रेल्वेत होता, त्यातली सव्वीस मुकादम म्हणून. टोळीने रुळाखालची खडी ठोकून काम संपलं असं सांगितलं की रेइनो गुडघे टेकायचा, रुळावर गाल ठेवायचा, एक डोळा मिटून लांबवर बघायचा. मग उठून एक तर म्हणायचा "उखडा", नाहीतर म्हणायचा "गाडी जाऊ दे". तिसरं काही म्हटलेलं कोणाच्या ऐकिवात नाही. त्याने तायमीला लग्नाचंही ह्याच शब्दांत विचारलं असणार, अशी त्यांच्या कोइवुला वस्तीत चेष्टा चालायची. ती खोटी होती, कारण लग्नाचं तायमीनेच विचारलं होतं. पण लग्नानंतर तिने भाजलेला पहिला काळा पाव खाऊन तो "गाडी जाऊ दे" म्हणाला होता हे मात्र खरं, आणि सत्तेचाळीस वर्षांनंतरही ती ते विसरली नव्हती.

असा माणूस गेल्या वर्षी एप्रिलमध्ये स्वतःच्या मागच्या दारात पडला. स्वयंपाकघराच्या दारापासून सौनापर्यंत, म्हणजे चूल पेटवून घाम काढायच्या न्हाणीपर्यंत, अंगणात दगडी फरशा होत्या, त्यातल्या एकीच्या वर आलेल्या कडेला बुटाचं टोक अडलं. खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून हातात पुढे दोन चाकं असलेला वॉकर आला. खरी गंमत, म्हटलं तर गंमत, अशी की त्या फरशा रेइनोनेच बसवलेल्या. मुलगी झाली त्या वर्षी, सरळ चिकणमातीवर, खाली काहीही न घालता. तेव्हा तो म्हणाला होता की सध्या तात्पुरतं करू, पुढच्या उन्हाळ्यात नीट करू. ते तात्पुरतं चव्वेचाळीस वर्षं टिकलं. दर हिवाळ्यात खालची ओली माती गोठून फुगायची, फरशा उचलायची, आणि दर वसंतात फरशा आपापल्या मर्जीने पुन्हा बसायच्या, एक वर, एक खाली. जगाचे रूळ सरळ करणाऱ्या माणसाचं अंगण असं, ह्यावरून तायमीने त्याला इतक्या वेळा टोमणे मारले होते की तो पडला त्या दिवशी तिला स्वतःच्या जिभेची लाज वाटली.

मुलगी मारिता थंडर बे शहरात शाळेत शिकवते. बाप इस्पितळातून घरी आल्यावर ती आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने एक रंगीत पुस्तिका ठेवली. शहरातली इमारत, म्हाताऱ्यांसाठी. लिफ्ट, भिंतीला धरायला दांडे, खोलीखोलीत मदतीची घंटा. ती चिडून बोलली नाही, रडलीही नाही. तिने फक्त करार केला.

"एक हिवाळा देते," ती म्हणाली. "अंगण करून घ्या. मे महिन्यात मी येईन. फरशा जिथल्या तिथे असल्या तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. हलल्या असल्या, तर जून संपायच्या आत तुम्ही दोघं शहरात."

तायमीने मान डोलावली. रेइनो खिडकीतून सौनाच्या धुराड्याकडे बघत राहिला. त्या पुस्तिकेतल्या खोल्यांना धुराडं नव्हतं, बटाट्यांचा वाफा नव्हता, दारात बर्चची झाडं नव्हती. तायमीला तिथे जायचं नव्हतं. तिला तिथे जाण्याची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती ही की रेइनो तिथे पहिल्याच हिवाळ्यात विझून जाईल.

कोइवुलात कुणाचं काम अडलं की इर्जिक घालतात. सगळी वस्ती आपापली फावडी घेऊन येते, पैशाचं नाव कोणी काढत नाही. यजमानाने पोटभर जेवण द्यायचं आणि संध्याकाळी सौना तापवून ठेवायची. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी कोस्केलांच्या मागच्या दारी सोळा माणसं जमली. पुढारी वेइक्को. हा शेजारच्या शेतावरचा, साठीला आलेला, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि दारात स्वतःचा छोटा लोडर. त्याचा बाप रेइनोच्या टोळीत होता, म्हणून वेइक्को लहानपणापासून रेइनोला मुकादमच म्हणतो.

सकाळी काम झालं ते बघण्यासारखं झालं. रेइनो खुर्चीत बसून सांगत होता आणि लोक ऐकत होते. फरशा काढून कुंपणाला टेकवून ठेवल्या. दीड फूट खोल खणलं, काळी माती आणि निळसर चिकणमाती गाडीने शेताकडे गेली. तळ ठोकून घेतला, घराकडून बागेकडे दहा फुटांत अडीच इंच ढाळ दिला, दोरी लावून पाणसळीने तपासला. माती आणि खडी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून वर जाड कापड अंथरलं. मग रेइनोने वेइक्कोला हाताची चार बोटं आडवी धरून दाखवली. खडी इतकीच टाकायची, ओली करायची, ठोकायची. मग पुन्हा इतकीच. असे चार थर. पाणी खाली साचलं नाही तर गोठणार काय, आणि गोठलं नाही तर फरशी उचलणार कोण. रेइनोच्या मानाने हे लांबलचक भाषण होतं.

जेवण झालं, दुपारच्या गोळ्या घेतल्या की रेइनोला दीड तास झोप लागते. तो आत जाऊन आडवा झाला, आणि नेमकं तेव्हाच सगळं बिघडलं.

त्यात तायमीचाही हात होता, हे तिने पुढे कधी नाकारलं नाही. तिने सौनाची चूल दोनलाच पेटवली. बर्चच्या लाकडाचा धूर अंगणावर आला, पाठोपाठ माशांच्या मोजक्काचा, म्हणजे घट्ट सुपाचा, वास, बटाटे, दूध, शेपूची पानं. सकाळपासून राबलेल्या माणसांना हे दोन वास एकदम आले तर त्यांच्याकडून धीराची अपेक्षा करू नये. शिवाय मुकादम झोपलाय तोवर सगळं उरकून त्याला चकित करू, ही कल्पना कोणाला तरी सुचली आणि सगळ्यांना आवडली. वेइक्को म्हणाला, चार थर घालून चारदा ठोकण्यापेक्षा एकदाच सगळी भरू आणि वरून चारपट ठोकू, हिशोब तोच. लोडरने अख्खा ट्रक तासाभरात खड्ड्यात रिकामा केला. मग कॉम्पॅक्टर, ते थडथडणारं लोखंडी यंत्र, त्यांनी वरून इतक्या वेळा फिरवलं की खडी सिमेंटसारखी दिसायला लागली.

रेइनो वॉकर टेकत बाहेर आला तेव्हा सोळा माणसं रांगेत उभी, घामाघूम, हसत. समोर अंगण सपाट, करडं, सुरेख. वेइक्कोने त्यावर टाच आपटून दाखवली.

"काय, मुकादम?"

रेइनोने खडीकडे पाहिलं. मग माणसांकडे पाहिलं. एकेकाशी हात मिळवत तो म्हणाला, "फार मेहनत घेतलीत. आभारी आहे. सौना तापली आहे."

लोक खूश होऊन सौनाकडे गेले. तायमी मात्र पातेल्याजवळ डाव हातात धरून उभी राहिली. आभारी आहे. फार मेहनत घेतलीत. एवढं गोड बोललेलं तिने त्याच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.

रविवारी चर्चहून आल्यावर तो कोट न काढताच अंगणात गेला. तायमीने खिडकीतून पाहिलं. तो वॉकर धरून त्या सपाट खडीवर एक पाऊल टाकायचा, थांबायचा, वॉकरचा पाय उचलून आपटायचा, कान देऊन ऐकायचा. मग पुढचं पाऊल. ती बाहेर गेली. त्याने तिला शेडमधली जुनी पहार आणायला सांगितली आणि घराजवळ एका जागी सोडायला सांगितली. टणक आवाज आला, पहार उसळली. मग तो म्हणाला, त्याच जागी वरची बोटभर खडी उकरून पुन्हा सोड. तिने उकरायला सुरुवात केली. बोटभर नाही, वीतभर टणक निघालं. त्याखाली पहार गेली ती पिठाच्या डब्यात चमचा जावा तशी.

"तुझा पाव पोकळ वाजला की भाजला," रेइनो म्हणाला. "माझी खडी पोकळ वाजली की कच्ची. वर नुसती खरपूस पापडी आहे."

"तुला कालच कळलं."

"दारातून बघितल्याबरोबर. चार थरांच्या मधे कोणी पाणी मारलं असतं तर घराची भिंत ओली दिसली असती. कोरडी होती."

तायमी बघतच राहिली. सोळा माणसांनी जे केलं ते ह्याने न उडालेल्या शिंतोड्यांवरून ओळखलं होतं. तिला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी त्याला गदागदा हलवावंसंही वाटलं. तिने विचारलं, मग बोलला का नाहीस. उत्तर तिला ठाऊकच होतं. कोइवुलात इर्जिकीला आलेल्या माणसाच्या कामाला कोणी नाव ठेवत नाही. भिंत वाकडी झाली तरी वाकड्या भिंतीत राहतात. पोस्टातल्या इर्माच्या गोठ्याचं दार गेली अकरा वर्षं उलटं उघडतंय, आणि गाय बाहेर काढताना इर्मा प्रत्येक वेळी दार लावणाऱ्याचं कौतुक करते.

"म्हणजे शहरात जायचं?" तायमी म्हणाली. "सोळा जणांना वाईट वाटू नये म्हणून?"

रेइनोने त्या मऊ खडीत वॉकरचा पाय रुतवून बघितला. मग म्हणाला, "फावडं चालवता येईल तुला?"

सोमवारी सकाळी तायमीने अंगण आणि रस्ता ह्यांच्या मधल्या दोरीवर चार चादरी वाळत घातल्या, आणि त्यांच्या आड सत्तरीची ती बाई खडी उपसायला लागली. रेइनो खुर्चीत बसून कुठे खणायचं ते सांगत होता. ढकलगाडी अर्धीच भरायची, बागेच्या टोकाला ओतायची, परत यायचं. पहिल्या दिवशी एका पलंगाएवढी जागा मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी अर्ध्या पलंगाएवढी, कारण पाठ धरली. तिसऱ्या दिवशी तायमी तळाशी उभी राहून उसासा टाकत होती आणि रेइनोने तिला सांगितलं की त्याच्या टोळीत ती आठवडाभर टिकली असती. ती म्हणाली, तुझ्या टोळीत बायका नव्हत्या म्हणून रेल्वे चालली.

बुधवारी दुपारी चादर बाजूला झाली आणि वेइक्को आत आला. तीन दिवस त्याच चादरी दोरीवर बघून त्याला वाटलं होतं की घरात कोणी आजारी पडलं, म्हणून तो बायकोने दिलेलं सूप घेऊन आला होता. सुपाचा डबा हातात तसाच धरून त्याने खड्ड्यातल्या तायमीकडे पाहिलं, कापल्यासारख्या दिसणाऱ्या खडीच्या कडेकडे पाहिलं. त्या कडेला वरची वीतभर खडी भिंतीसारखी उभी होती आणि खालची घसरून खड्ड्यात सांडत होती. समजावून सांगायला काही उरलं नव्हतं. त्याचा चेहरा मानेपासून लाल होत गेला.

"सांगायचं होतं," तो म्हणाला.

"तू फुकट आला होतास," रेइनो म्हणाला.

"माझ्या बापाचं काम तुम्ही किती वेळा उखडलंत?"

"तीनदा. पण त्याला पगार होता."

"तो घरी येऊन सांगायचा. जेवताना. मुकादमने आज माझं काम उखडलं, म्हणायचा, आणि मग पुन्हा केलं तर रुळावर गाल ठेवून म्हणाला, गाडी जाऊ दे." वेइक्कोने सूप खुर्चीजवळ खाली ठेवलं. "त्याला जेवढा मान दिलात तेवढा मला नाही दिलात, मुकादम. मला आभारी आहे म्हणालात."

तो चादर बाजूला सारून निघून गेला. तायमी खड्ड्यात बसली. चाळीस वर्षांचा शेजार आपण चार चादरींआड घालवला असं तिला वाटलं. रेइनोने ते सूप संध्याकाळपर्यंत उघडलं नाही, आणि संध्याकाळी उघडलं तेव्हा थंडच खाल्लं, शिक्षा भोगावी तसं.

शनिवारी सकाळी सातला लोडरचा आवाज आला. तायमी दार उघडते तो पुढे वेइक्को आणि मागे इर्जिकीची सगळी माणसं, सोळाची अठरा झालेली. वेइक्को रेइनोच्या खुर्चीपुढे येऊन उभा राहिला.

"उखडा म्हणा," तो म्हणाला.

रेइनोने वॉकर धरला आणि तो उभा राहिला. उभं राहायला त्याला वेळ लागतो, सगळे थांबले.

"उखडा," तो म्हणाला.

आणि लोकांनी उखडलं. तायमीने त्या दिवशी सौनाची चूल पेटवली नाही. लाकडाची खोली कुलूपबंद करून किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि जाहीर केलं की चौथा थर पास होईपर्यंत कोइवुलात कोणाला घाम यायचाच असेल तर तो फावड्यानेच येईल. मोजक्काही उशिरा चढवलं. अठरा माणसं कॉफी आणि कालच्या पावावर राबली.

त्या दिवसाचं तायमीला पुढे कितीदा तरी आठवलं. लोडरने खड्डा रिकामा केला. कापड झाडून पुन्हा ताणलं. पहिली खडी टाकली, चार बोटं, त्याहून केसभर जास्त नाही. रेइनो स्वतः वॉकर घेऊन खड्ड्याच्या कडेला उभा होता. झारीने खडी ओली झाली, बोटाला गार लागेल इतकीच. मग कॉम्पॅक्टर सुरू झाला. रेइनोने डोळे मिटले. एका हातात त्याने पहार धरली होती, तिचं टोक खडीवर टेकवलेलं आणि मूठ छातीशी. यंत्र पहिल्यांदा फिरलं तेव्हा आवाज दबका होता, ओल्या घोंगडीवर काठी मारल्यासारखा. दुसऱ्या फेरीला थोडा मोकळा. तिसऱ्या फेरीला रेइनोने मान हलवली, नाही. चौथ्या फेरीला यंत्र एकाएकी हलकं झालं, खडी त्याला आत घेईना, ते उसळायला लागलं आणि आवाज खणखणीत झाला. तेव्हा रेइनोने हात वर केला.

बारीक खडीला धार असते, एक दाणा दुसऱ्याच्या खाचेत बसतो, आणि बसला की मग हत्ती उभा केला तरी सरकत नाही. हे तायमीने शंभरदा ऐकलं होतं. पण तो क्षण कानाने पकडणारा माणूस तिने त्या दिवशीच पाहिला, सत्तेचाळीस वर्षं एका पलंगावर झोपून. ती दारात उभी राहून रडली, आणि कोणी विचारलं तर कांदा चिरतेय असं सांगायला हातात कांदाही धरला.

दुसरा थर दोनदा नापास झाला. वेइक्को चिडला नाही. उलट दुसऱ्यांदा नापास झाल्यावर तो कॉलर नीट करून इतरांकडे असा बघत होता जसं काही बक्षीस मिळालंय. तिसऱ्या थराला तोही डोळे मिटून ऐकायला लागला. चौथ्या थराला रेइनोचा हात आणि वेइक्कोचा हात बरोबरच वर गेले. सूर्य बर्चच्या मागे गेला होता. तायमीने खिशातून किल्ली काढली.

रविवारनंतरच्या आठवड्यात इंचभर वाळू पसरून त्याच जुन्या फरशा बसवल्या, कडेला दगडी पट्टी ठोकली, सांध्यांत वाळू झाडली. शेवटची फरशी बसल्यावर वेइक्कोने हात पुसत विचारलं, मग, मुकादम, गाडी जाऊ द्यायची?

"मला काय विचारतोस," रेइनो म्हणाला. "हिवाळ्याला विचार."

हिवाळा आला तो जानेवारीत उणे अडतीसवर गेला. जमीन करकर आवाज करायची, कधी भिंतीतला खिळा फुटल्यासारखा दणका बसायचा, आणि प्रत्येक दणक्याला तायमीचं मन मागच्या दारात धावायचं. अंगणावर कमरेइतका बर्फ होता. खाली काय चाललंय ते कोणाला कळणार नव्हतं. रेइनो खिडकीशी बसून त्या बर्फाकडे बघायचा आणि तायमी रेइनोकडे. मारिताचा दर रविवारी फोन यायचा, ती अंगणाचं विचारायची नाही, तायमीही सांगायची नाही. पुस्तिका फ्रिजवर चुंबकाखाली तशीच होती.

एप्रिलच्या शेवटी बर्फ वितळला. एका दुपारी तायमीने रेइनोला हाक मारून दारात आणलं. छपरावरून ठिबकणारं पाणी फरशांवर पडत होतं, आणि कुठेही न थांबता, न घुटमळता, सगळंच्या सगळं बागेतल्या रुबार्बच्या वाफ्याकडे चाललं होतं. ते दोघं पंधरा मिनिटं ते पाणी बघत उभे राहिले. निकाल द्यायचा अधिकार मात्र अजून त्यांचा नव्हता.

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मारिता आली. वेइक्को कुंपणापलीकडे सकाळपासून एकच खांब ठोकत होता, तो खांब सरळच होता. मारिताने बॅग टेबलावर ठेवली. बॅगेतून इमारतीचा अर्ज डोकावत होता. कोट न काढता ती मागच्या दारी गेली. आधी ती स्वतः फरशांवर चालली, सावकाश, बुटाचं टोक प्रत्येक सांध्यावर घासत. मग तिने बापाचा वॉकर घेतला आणि त्यावर भार टाकून सौनापर्यंत नेला, परत आणला. चाकं कुठे अडली नाहीत. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. ही पोरगी बापावर गेली आहे, तायमीच्या मनात आलं, आणि ते नेमकं आजच कशाला.

रेइनो पायरीजवळ उभा होता. त्याने एक हात भिंतीला टेकवला आणि गुडघा वाकवायचा प्रयत्न केला. खुब्याने साथ दिली नाही. त्याने पुन्हा केला. तायमी पुढे झाली, पण मारिता आधी पोचली.

"थांब, बाबा," ती म्हणाली. "मी बघते."

ती पायरीपाशी पालथी झोपली, शाळेत घालायच्या चांगल्या कोटात, आणि गार दगडावर तिने गाल टेकवला. एक डोळा मिटला. पाच वर्षांची असताना ती बापाच्या शेजारी रुळावर अशीच गाल टेकवायची, आणि आईची बोलणी खायची. तायमीला वाटलं होतं ती हे विसरली असेल.

कुंपणापलीकडचं ठोकणं थांबलं होतं.

"रुबार्बजवळची तिसरी," मारिता म्हणाली. "केसभर वर आहे."

"ती सप्टेंबरपासूनच तेवढी वर आहे," रेइनो म्हणाला. "वेइक्कोने बसवलेली."

कुंपणापलीकडून कोणीतरी खोकलं. मारिता हसली नाही. तिने पुन्हा गाल टेकवला, पुन्हा पाहिलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तशीच झोपलेली असताना, दगडावरून गाल न उचलता, ती म्हणाली,

"गाडी जाऊ दे."

रेइनोने हे शब्द आयुष्यभर इतरांना दिले होते. त्याला कोणी दिले नव्हते, त्याच्या कामावर गाल टेकवून बघणारं कोणी नव्हतंच. त्याने वॉकरच्या दोन्ही मुठी घट्ट धरल्या. मग पायरी उतरून, जमिनीवर पालथ्या असलेल्या मुलीला वळसा घालून, तो एकटा सौनाकडे चालत गेला, आणि एकदाही खाली बघितलं नाही.